अकरा महिने अकराच राहू द्या

व्यवस्थापन संस्थांच्या प्रवेश समित्यांना खुले पत्र

प्रति,
प्रवेश समितीचे सर्व सदस्य,
पूर्णवेळ एमबीए अभ्यासक्रम चालवणाऱ्या संस्था

विषय : कमी अनुभव असलेल्या अर्जदारांबाबत

महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार.

गेल्या जानेवारीत, दुसऱ्या फेरीत, मी चार संस्थांकडे अर्ज केला. 'पूर्णवेळ कामाचा अनुभव, महिन्यांत' या चौकटीत मी ११ हा आकडा भरला. मार्च संपता संपता चारही नकार आले, तीन मुलाखतीआधीच आणि एक मुलाखतीनंतर. जागा मोजक्या, अर्ज ढीगभर, कोणाला तरी नाही म्हणावंच लागणार, हे मला कळतं. नकार परत घ्या असं सांगायला मी लिहायला बसलेले नाही. मला बोलायचंय ते त्या ११ बद्दल. तो आकडा मोठा दिसावा म्हणून दोन महिने मला काय काय करायला सांगितलं गेलं, आणि त्यातलं काय मी जवळजवळ केलंही, ते तुमच्यापर्यंत पोहोचायला हवं. कारण ते सगळं तुमच्या अर्जातल्या प्रश्नांमुळे घडतं.

आधी माझं काम सांगते. मी एका वितरण कंपनीच्या गोदामात स्टॉकची जुळणी करते. संगणकात दिसणारा माल आणि रॅकवर खरोखर असलेला माल यांचा मेळ घालायचा, आणि बसत नसेल तर का बसत नाही ते शोधायचं. रुजू झाले त्यानंतर चौथ्या महिन्यात माझे सुपरवायझर नोकरी सोडून गेले. नवीन माणूस यायला सात आठवडे लागले. तेवढे दिवस ते काम माझ्या एकटीवर होतं. पद तेच, अधिकार काही नाही, आणि अडलं तर विचारायलाही कोणी नाही.

त्याच दिवसांत मला एक गोष्ट खटकायला लागली. परत आलेला माल संगणकात दुप्पट दिसायचा. माल शिल्लक आहे असं वाटून ऑर्डरी घेतल्या जायच्या आणि पेट्या काढायला गेलं की रॅक रिकामा. महिनाअखेरच्या बैठकीत याचं खापर विक्री विभागावर फुटायचं, की ते नसलेला माल विकतात. मी दोन संध्याकाळी गेटवर जाऊन उभी राहिले. परत आलेली पेटी आत घेताना गेटवरचा माणूस ती स्कॅन करायचा. तपासणी होऊन तीच पेटी रॅकवर चढताना दुसऱ्यांदा स्कॅन व्हायची. सॉफ्टवेअरच्या लेखी त्या दोन पेट्या. मग गेटवर स्कॅन करूच नये का? तेही शक्य नव्हतं. त्या स्कॅनशिवाय ड्रायव्हरची पावती निघत नाही आणि पावती हातात पडल्याशिवाय त्याला गाडी हलवता येत नाही. चूक कोणाचीच नव्हती. दोन माणसं आपापलं काम अगदी बरोबर करत होती आणि त्यातून एक चुकीचा आकडा जन्माला येत होता.

गेटवरचं स्कॅन 'तपासणी बाकी' अशा वेगळ्या खात्यात जावं, एवढीच माझी सूचना. नवे सुपरवायझर आल्यावर मी ती त्यांच्यापुढे मांडली, त्यांनी वरून मंजुरी आणली, सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्यांनी तीन आठवड्यांत बदल केला. अकरा महिन्यांत मला अभिमानानं सांगावंसं वाटेल असं हे एक काम.

निबंधात मी हेच लिहिलं होतं. मसुदा तीन-चार जणांना दाखवला. त्यातले एक जण एमबीए झालेले, एक जण अर्ज लिहायला मदत करण्याचे पैसे घेणारे. सगळ्यांचं म्हणणं एकच होतं: असं लिहून चालणार नाही. 'सूचना केली' खोड आणि 'प्रकल्पाचं नेतृत्व केलं' लिही. 'दोन संध्याकाळी गेटवर उभी राहिले' नको, 'प्रक्रियेचं सखोल विश्लेषण केलं' लिही. आणि फरक किती टक्के पडला? मी म्हटलं, मला माहीत नाही, ते मोजण्याइतकी जुनी आकडेवारीच नीट नव्हती. उत्तर आलं, 'मग तीस लिही, कोण तपासायला येतंय?'

मी लिहिलं. ३० टक्के. एक रात्रभर तो आकडा माझ्या निबंधात होता. सकाळी वाचताना वाटलं, मी पगार घेते तो आकडे खरे आहेत का हे तपासण्याचा. तो ३० मी खोडला आणि जागा तशीच सोडून अर्ज पाठवला.

मला सल्ला देणारी माणसं वाईट नव्हती. त्यांनी तुमचे प्रश्न नीट वाचले होते, एवढंच. तुम्ही संघाचं नेतृत्व केलंत असा एक प्रसंग सांगा. तुमच्यामुळे संस्थेवर झालेला मोजता येण्याजोगा परिणाम सांगा. मतभेद असलेल्या सहकाऱ्यांना एकत्र आणल्याचं उदाहरण द्या. पाच-सहा वर्षं काम केलेल्या माणसासाठी हे प्रश्न अगदी योग्य आहेत. अकरा महिन्यांच्या माणसानं यांना काय उत्तर द्यायचं? एक तर महाविद्यालयातला वार्षिक महोत्सव कॉर्पोरेट भाषेत मढवून सांगायचा, नाही तर राईचा पर्वत करायचा, नाही तर खरं तेवढंच लिहायचं आणि ते इतरांच्या शेजारी केविलवाणं दिसेल हे मान्य करायचं. माझ्याबरोबर अर्ज करणाऱ्या ओळखीच्यांमध्ये तिसरी वाट धरणारे फार थोडे होते. निवड झालेल्यांच्या नोकरीच्या तारखा, पद, पगार यांची पडताळणी बऱ्याच संस्था बाहेरच्या एजन्सीकडून करून घेतात, हे मला माहीत आहे. पण कोणाच्या निबंधातले ३० टक्के मोजायला कोणी गोदामापर्यंत जात नाही. तुम्ही उमेदवारात सचोटी शोधता हे मी तुमच्याच पानांवर वाचलंय. मग विशीतल्या अर्जदारांना पहिला धडा फुगवण्याचा मिळतो आणि तो तुमच्या उंबरठ्यावर मिळतो, याचा तुम्हाला त्रास व्हायला हवा.

आता 'किमान अनुभवाची अट नाही' या वाक्याबद्दल. तुमच्यापैकी अनेकांच्या संकेतस्थळावर ते आहे. त्याच पानावर थोडं खाली नव्या बॅचचा सरासरी अनुभव दिलेला असतो, आणि मोठ्या संस्थांत तो पाच वर्षांच्या आसपास असतो. या दोन वाक्यांच्या मध्ये माझ्यासारखे शेकडो जण उभे आहेत. अट नाही म्हणून आम्ही अर्ज करतो, फी भरतो, सुट्ट्या टाकून निबंध लिहितो. सरासरी पाच वर्षं म्हणजे त्यात दीड वर्षवाले किती आणि आठ वर्षवाले किती, याचा पत्ता लागत नाही. जीमॅट या प्रवेश परीक्षेच्या गुणांबाबत मात्र तुम्ही सरासरीवर थांबत नाही. मधल्या ८० टक्के विद्यार्थ्यांचे गुण कुठून कुठवर आहेत, हे तुमच्यापैकी बरेच जण छापतात. तोच हिशेब अनुभवाला लावा. दोन वर्षांपेक्षा कमी अनुभव असलेल्या किती जणांनी अर्ज केला आणि किती जण वर्गात बसले, हे दोन आकडे दरवर्षी द्या. दुसरा आकडा शून्य असेल तर शून्य लिहा. ताकाला जाऊन भांडं लपवू नये म्हणतात. तुम्हाला तीन वर्षं हवी असतील तर तीन म्हणा, आम्ही तीन वर्षांनी येऊ.

महिने कोणत्या तारखेपर्यंत मोजायचे हेही स्पष्ट नसतं. अर्जाच्या दिवशी माझे ११ महिने होते, ऑगस्टमध्ये वर्ग सुरू होईपर्यंत १८ झाले असते. काही ठिकाणी हे धरतात, काही ठिकाणी ते. पदवीच्या काळातली इंटर्नशिप बहुतेक ठिकाणी धरत नाहीत, घरच्या धंद्यातलं काम धरतात की नाही याचं उत्तर विचारणाऱ्यागणिक बदलतं. ही एका ओळीची सूचना आहे. ती अर्जाच्या चौकटीखालीच असावी.

मला सगळ्यात जास्त कोड्यात टाकणारी गोष्ट वेगळीच आहे. शून्य अनुभवाच्या माणसाला पारखता येतं, हे तुम्हाला माहीत आहे. तुम्ही ते दरवर्षी करता. हार्वर्डचा टू प्लस टू कार्यक्रम पदवीच्या शेवटच्या वर्षात शिकणाऱ्यांसाठी आहे. निवड आधी होते, मग दोन ते चार वर्षं नोकरी करायची आणि नंतर एमबीएला यायचं. स्टॅनफर्ड, व्हार्टन, एमआयटी स्लोन, शिकागो बूथ, कोलंबिया यांच्याकडेही अशी पुढे ढकललेल्या प्रवेशाची सोय आहे. येलच्या सिल्व्हर स्कॉलर्समध्ये तर विद्यार्थी पदवी घेऊन थेट एमबीएच्या पहिल्या वर्षाला बसतात, मग बाहेर पडून काम करतात आणि परत येऊन उरलेला अभ्यासक्रम पूर्ण करतात. भारतातल्या आयआयएमच्या दोन वर्षांच्या मुख्य अभ्यासक्रमात एकही दिवस नोकरी न केलेले विद्यार्थी दरवर्षी मोठ्या संख्येनं येतात. म्हणजे नोकरीचा एकही दिवस नसलेल्या माणसात काय बघायचं, हे जगातल्या नामवंत संस्थांना चांगलं समजतं. त्याची कुतूहलबुद्धी, अभ्यास, हातात घेतलेलं काम तडीला नेण्याची सवय. मग तोच माणूस पदवीनंतर अकरा महिने काम करून आला की ही नजर कुठे जाते? शून्य असताना तुम्ही माणूस बघता आणि अकरा असताना फक्त अकरा बघता.

मधल्या या फटीत आम्ही अडकतो. पुढे ढकललेल्या प्रवेशाची दारं साधारणपणे शिक्षण चालू असेपर्यंतच उघडी असतात. पदवी मिळवून नोकरीला लागलं की ती बंद. आणि नेहमीच्या एमबीएसाठी आम्ही फार लवकर आलेलो. धड ना इकडचे ना तिकडचे. पदवीच्या शेवटच्या वर्षात या कार्यक्रमांची माहिती असते ती कोणाला? ज्यांच्या घरात, नात्यात, मित्रांत कोणीतरी या वाटेनं गेलेलं असतं त्यांना. माझ्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेली मी पहिली. टू प्लस टूचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या नोकरीला पाचवा महिना लागला होता. मी मुदत चुकवली नव्हती. माझ्यासाठी काही मुदत आहे हेच मला ठाऊक नव्हतं. पदवीनंतर एक-दोन वर्षांपर्यंत या कार्यक्रमांना अर्ज करू द्यावा, ही माझी या पत्रातली सर्वांत आग्रहाची विनंती. तुम्हाला त्यासाठी नवी पद्धत उभी करावी लागत नाही. तेच प्रश्न, तीच मुलाखत, तीच दोन ते चार वर्षांची वाट. फक्त पात्रतेची तारीख थोडी सरकवायची.

कोणी म्हणेल, तुमच्यासाठी मास्टर्स इन मॅनेजमेंट आहे की. आहे, आणि तो चांगला मार्ग आहे. एचईसी पॅरिस, सेंट गॅलन, लंडन बिझनेस स्कूल यांचे हे अभ्यासक्रम खास नव्या पदवीधरांसाठी किंवा अगदी थोडा अनुभव असलेल्यांसाठी घडवलेले आहेत. ज्याला व्यवस्थापनाची ओळख करून घेऊन पहिली चांगली नोकरी मिळवायची आहे, त्यानं एमबीएची वाट बघत वर्षं घालवण्यापेक्षा तिकडे जावं, असं मी स्वतः दोन मैत्रिणींना सांगितलंय. पण माझ्यापुढे एक विशिष्ट प्रश्न आहे. गोदामात, वाहतुकीत, दुकानाच्या मागच्या खोलीत तयार होणारा आकडा वरच्या बैठकीपर्यंत पोहोचताना बदलतो कसा, हा. त्याचा अभ्यास मला अशा वर्गात करायचा आहे जिथे त्या बैठकीत बसलेली माणसंही असतील. सगळेच नवखे असलेल्या वर्गात मला ती भेटणार नाहीत.

तुमच्या बाजूच्या अडचणी मला दिसत नाहीत असं समजू नका. लंडनच्या अँबा या मान्यता देणाऱ्या संस्थेच्या निकषांत एमबीए विद्यार्थ्यासाठी पदवीनंतरच्या किमान तीन वर्षांच्या कामाची अपेक्षा आहे. ज्यांना ती मान्यता टिकवायची आहे त्यांचे हात बांधलेले आहेत. फायनान्शियल टाइम्स या वृत्तपत्राच्या एमबीए अभ्यासक्रमांच्या जागतिक क्रमवारीत माजी विद्यार्थ्यांकडून अभ्यासक्रम संपल्यावर तीन वर्षांनी माहिती घेतली जाते आणि पगाराला मोठं वजन असतं. चोवीस वर्षांच्या मुलीला मिळणारा पगार एकतीस वर्षांच्या अनुभवी माणसाएवढा नसेल, हे उघड आहे. आम्हाला घेतलं तर क्रमवारीत तुमचं नुकसान होऊ शकतं. हे खरं कारण असेल तर तेही बोला. 'वर्गातल्या चर्चेच्या समृद्धीसाठी' या शब्दांमागे ते लपवण्याचं कारण नाही. फ्रान्समधल्या इन्सियाद या संस्थेसारखा दहा महिन्यांत संपणारा अभ्यासक्रम अनुभव मागतो तेही मला पटतं. तिथे मध्ये इंटर्नशिप करून स्वतःला सावरायला फारसा वेळ नसतो. माझं म्हणणं मुख्यतः दोन वर्षांच्या अभ्यासक्रमांपुरतं आहे.

विरोधातला सगळ्यात भक्कम मुद्दा मात्र क्रमवारीचा नाही. तो मॅकगिल विद्यापीठाचे प्राध्यापक हेन्री मिंट्झबर्ग वर्षानुवर्षं मांडत आलेत. व्यवस्थापन हे करता करता अंगी मुरतं, ज्यानं ते कधी केलंच नाही त्याला वर्गात बसवून व्यवस्थापक बनवता येत नाही, असं त्यांच्या म्हणण्याचं सार. ते नुसतं बोलून थांबले नाहीत. १९९६ साली त्यांनी सहकाऱ्यांसोबत खास कामात असलेल्या व्यवस्थापकांसाठी वेगळा अभ्यासक्रम सुरू केला. हा मुद्दा वाचून मी दोन दिवस अस्वस्थ होते, कारण तो मला पटला. पण तो पूर्ण लावायचा तर तुमच्या बहुतेक वर्गावर लागू होतो. पाच वर्षं सल्लागार कंपनीत सादरीकरणं करणाऱ्या किंवा बँकेत आर्थिक मॉडेल बांधणाऱ्या किती जणांच्या हाताखाली माणसं असतात? कोणाला कामावरून कमी करावं लागलंय, दोन भांडणाऱ्या शिफ्टमध्ये काम वाटून द्यावं लागलंय? वर्षं मोजली म्हणजे व्यवस्थापन मोजलं असं होत नाही. १९०८ साली हार्वर्डमध्ये एमबीएची पदवी सुरू झाली, त्यानंतर कित्येक दशकं पदवीनंतर थेट येणारे विद्यार्थी तिथे आणि इतरत्रही सर्रास होते. आधी अनुभव मग एमबीए हा क्रम नंतर रूढ झाला. जो रूढ झाला तो बदलूही शकतो.

आता त्या एका मुलाखतीबद्दल, कारण तिथे मी स्वतः कमी पडले.

मुलाखत घेणाऱ्या बाई माजी विद्यार्थिनी होत्या, प्रेमानं बोलत होत्या. त्यांनी विचारलं, 'तुमच्या शेजारी सहा-सात वर्षं काम केलेली माणसं बसतील. ती तुम्हाला बरंच देतील. तुम्ही त्यांना काय द्याल?' प्रश्न अगदी रास्त होता. मी गडबडले. ऊर्जा, नवा दृष्टिकोन, तंत्रज्ञानाची आवड असं काहीबाही बोलले. उसनं अवसान होतं ते. त्यांनाही कळलं, मलाही कळलं. अंगी असलेला ताजेपणा ही काही देण्याची वस्तू नाही, तो तर कोणत्याही तेवीस वर्षांच्या माणसाकडे असतो.

खरं उत्तर मला सुचलं ते एप्रिलमध्ये, कामावर असताना, नकार येऊन पडल्यानंतर. केस स्टडी म्हणजे काय असतं? एखाद्या कंपनीची अडचण, सोबत तक्ते, आकडे, आणि 'तुम्ही या जागी असता तर काय निर्णय घेतला असता' हा प्रश्न. अनुभवी माणसं त्या तक्त्यावरून निर्णयाकडे जातात. तेच त्यांचं काम आहे, तेच त्यांना छान जमतं. पण तो तक्ता भरला कोणी? कुठल्या संध्याकाळी, किती घाईत, कोणती पावती अडली होती म्हणून? ज्या बैठकीत विक्री विभागाला दोष दिला गेला त्या बैठकीतलं एकही माणूस खोटं बोललेलं नव्हतं. त्यांच्यापुढच्या कागदावर तसंच दिसत होतं. कागदावर तसं का दिसतं हे ज्याला अजून आठवतं असा माणूस त्या खोलीत नव्हता. सहा-सात वर्षांनी माणूस वर सरकलेला असतो. स्वतः आकडे भरत होता ते दिवस त्याला आठवतात, पण आठवण आणि हातात असलेलं काम यात अंतर पडतं. मी त्या गेटवरून थेट वर्गात आले असते. 'हा आकडा कोणी, कशासाठी टिपला असेल?' असं मी प्रत्येक केसला विचारलं असतं, आणि बहुतेक वेळा त्याचं उत्तर देता येणारी वर्गात मी एकटीच असते. मला वाटतं, मोठ्या वर्गात अशी दोन-चार माणसं असावीत. सगळा वर्ग अकरा महिनेवाल्यांचा असावा असं मी कधीच म्हणणार नाही, मलाच तो नको आहे.

हे उत्तर त्या दिवशी मला देता आलं नाही, यात तुमचा दोष नाही. पण दोन महिने मी स्वतःला मोठं दाखवायचा सराव करत होते. लहान असण्यात काय दिसतं याचा विचार करायला मला कोणी सांगितलंच नव्हतं. तुमच्या एखाद्या प्रश्नानं सांगितलं असतं तर? 'तुमच्या कामाच्या जागी असं काय आहे जे तुम्हाला दिसतं आणि तुमच्या वरिष्ठांना दिसत नाही?' असा एक प्रश्न. याला अकरा महिन्यांचा माणूस खरं उत्तर देऊ शकतो, अकरा वर्षांचाही देऊ शकतो, आणि कोणालाच टक्केवारी शोधावी लागत नाही. स्टॅनफर्ड कित्येक वर्षं विचारत आलंय की तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं काय आणि का. त्या प्रश्नाला हुद्दा लागत नाही, आणि म्हणून त्याच्यापुढे सगळे सारखे उभे राहतात. परीक्षेचंही तसंच आहे. जीमॅट सव्वादोन तासांची, गुण २०५ ते ८०५, ते पाच वर्षं ग्राह्य. तिथे कोणी माझे महिने मोजले नाहीत.

शिफारसपत्राबद्दल थोडंच लिहिते, पण ते दुखणं मोठं आहे. तुम्हाला शक्यतो सध्याच्या थेट वरिष्ठाचं पत्र हवं असतं. पाच वर्षं टिकलेल्या माणसानं 'मला पुढे शिकायचंय' असं सांगितलं तर वरिष्ठाला वाईट वाटतं, पण समजतं. अकराव्या महिन्यात सांगितलं की त्याला वाटतं, ही इथे राहायला आलीच नव्हती. माझे पहिले सुपरवायझर, ज्यांनी मला काम शिकवलं, ते कंपनी सोडून गेलेले. दुसरे मला जेमतेम पाच महिने ओळखणारे. अर्जदाराला दिलेला सगळ्यात महत्त्वाचा सुधारणेचा सल्ला कोणता आणि तिनं त्यावर काय केलं, असा प्रश्न त्या फॉर्ममध्ये असतो. पाच महिन्यांत त्यांनी मला असा सल्ला दिलेला नव्हता. ते बसून एखादा आठवायचा प्रयत्न करत होते आणि मी समोर अवघडून बसले होते. गेटवर स्कॅन करणाऱ्या काकांनी माझं काम दोन संध्याकाळी जवळून पाहिलं होतं, मी त्यांना काय विचारलं आणि कसं ऐकून घेतलं हे ते सांगू शकले असते. ज्यानं काम पाहिलंय त्याचं पत्र चालेल, मग त्याचा हुद्दा काहीही असो, एवढी सवलत कमी अनुभवाच्या अर्जदारांना द्या. दोन पत्रांतलं निदान एक तरी.

आणि नकार देताना, केवळ अनुभव कमी म्हणून देत असाल, तर तेवढी एक ओळ लिहा. सगळ्यांना सविस्तर कारणं कळवणं शक्य नाही, मान्य. पण 'बाकी अर्ज ठीक होता, अनुभव वाढवून या' आणि 'आमच्याकडे तुमचं जमणार नाही' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पुन्हा अर्ज करणाऱ्याला तुम्ही विचारता की मागच्या वेळेपासून तुमच्यात काय बदललं. काय कमी होतं हे कळल्याशिवाय काय बदलायचं ते कसं कळणार? माझ्या चार पत्रांपैकी एकाही पत्रात ही ओळ नव्हती. एकीकडे फोन लावून पाहिला, तर वैयक्तिक कारणं देण्याचं धोरण नाही असं उत्तर मिळालं. माझ्या ओळखीतल्या एकानं अशाच नकारानंतर नोकरी बदलली, मग पुन्हा बदलली, केवळ रेझ्युमे भरदार दिसावा म्हणून. त्याला खरं तर फक्त थांबायला हवं होतं, असं मला आजही वाटतं, पण ते सांगायला कोणी नव्हतं.

येत्या सप्टेंबरमध्ये पहिल्या फेरीत मी पुन्हा अर्ज करणार आहे. दोन संस्था त्याच, दोन नव्या. तोवर माझे १९ महिने झालेले असतील. परतीच्या मालाचा मेळ आता दर महिन्याला लागतो, आणि मी जूनपासून त्याची नोंद ठेवायला लागले आहे, म्हणजे कोणी विचारलंच तर सांगायला आकडा असेल. तो ३० येईल की ७, मला आज माहीत नाही. जो येईल तो लिहीन. अनुभवाच्या चौकटीत १९ लिहीन. शिफारसपत्रासाठी दुसरं नाव कोणाचं द्यायचं, याचा निर्णय मात्र मी अजून केलेला नाही. तुमच्यापैकी कोणी सप्टेंबरच्या आत त्या फॉर्मवर 'हुद्दा कोणताही चालेल' असं लिहिलंत, तर मी गेटवरच्या काकांना विचारणार आहे.

आपली,
एक अर्जदार